साडेपाचची पावले

पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी मी मामाकडे पोहोचलो, तेव्हा पडवीत मामीचे ताटाळे मांडलेले होते आणि त्यात ताटांच्या जागी काळ्याभोर तबकड्या उभ्या होत्या. बादलीत साबणाचे पाणी, शेजारी जुन्या सुती धोतराचे तुकडे. बाहत्तर वर्षांचा मामा खाली पाट घेऊन बसला होता आणि बाळाला न्हाऊ घालावे तशी एकेक तबकडी हातावर फिरवत धूत होता.

हा जुलै २०१८चा पाऊस. त्या दिवसांत वसई-विरार अक्षरशः पाण्यात होते. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, लोकल थांबल्या, वीज गेली. विरारहून वसईला जायला मला एरवी वीस मिनिटे पुरत. या खेपेस तीन दिवस थांबावे लागले. मामाचे घर जुने, बैठे. पाणी गुडघ्यापर्यंत चढले आणि नेमकी तबकड्यांची फळी सगळ्यात खाली. ती खालीच असायची, कारण वजन. शंभर एलपी म्हणजे कव्हरांसकट वीस-पंचवीस किलो होतात, आणि मामाकडे होत्या दोनशे बारा. लता नाही, भीमसेन नाहीत. ते विभाग मामीचे आणि माझ्या आईचे. मामाच्या दोनशे बाराही तबकड्या इंग्रजी रॉकच्या. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, डीप पर्पल, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड. आजी हयात होती तोवर या सगळ्यांना मिळून तिच्याकडे एकच शब्द होता : आरडाओरडा.

"रेकॉर्ड वाचल्या रे सगळ्या," मामा म्हणाला. तबकडी म्हणजे शेवटी प्लास्टिकच. पाण्याने तिचे काही बिघडत नाही. चिखल धुऊन, मधल्या कागदी लेबलला फार पाणी न लावता सावलीत उभी वाळवली की ती पुन्हा गाते. उन्हात मात्र ठेवायची नाही, पापडासारखी वाकते. पण कव्हरे पुठ्ठ्याची. त्यांचा लगदा झाला होता. अंगणाच्या कोपऱ्यात तो लगदा घमेल्यात भरून ठेवलेला होता आणि मामा त्याच्याकडे पाठ करून बसला होता.

त्याचे कारण मला ठाऊक होते. प्रत्येक कव्हराच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, मामा बॉलपेनने बारीक अक्षरांत एक नोंद करी : तारीख, दुकान आणि परतीची गाडी. ‘ऱ्हिदम हाऊस. पगार. सहा दहाची विरार, उभा.’ ‘चोर बाजार. अर्धी किंमत, एक चरा. अंधेरीला बसायला मिळाले.’ डायरी त्याने आयुष्यात लिहिली नाही. जी काय होती ती ही.

वसईच्या मराठी घरातल्या मुलाला हा नाद लागला तरी कसा, असे लोक विचारीत. लागतो तसाच लागला. वसईत बोटीवर नोकरी करणारी माणसे होती, त्यांच्या ट्रंकांतून साबण आणि सेंटच्या बाटल्यांबरोबर तबकड्याही येत. रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाणी लागत. पुढे मामा फोर्टात कारकून म्हणून चिकटला आणि काळ्या घोड्याजवळचे ऱ्हिदम हाऊस त्याच्या वाटेवर आले. तिथे छोट्या काचेच्या खोल्या असत. तबकडी घेण्याआधी आत बसून ऐकता येई. मामा महिनाभर ऐके आणि पगाराच्या दिवशी एक घेई. हे दुकान २०१६मध्ये बंद झाले. त्या दिवशी मामा मुद्दाम चर्चगेटला जाऊन आला. काय पाहिले विचारल्यावर म्हणाला, "पाटी."

घेणे सोपे, आणणे कठीण. बारा इंचांची तबकडी आणि संध्याकाळची विरार गाडी यांचे जन्माचे वैर. मामाने शिवणकामाच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ती बांधायची, वर वर्तमानपत्र गुंडाळायचे आणि दादरनंतर दोन्ही हातांनी डोक्यावर धरायची, अशी पद्धत बसवली होती. डब्यातले लोक विचारीत, आरसा आहे का? मामा हो म्हणे. आरशाला लोक जपतात. भाईंदरची खाडी ओलांडून खारे वारे आत आले की हात खाली.

याच गाडीशी मामाची सगळ्यात लाडकी कथा जोडलेली होती, आणि ती कथा अर्धी तरी शंभर टक्के खरी आहे.

जानेवारी १९६८मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन मुंबईला आला. ‘वंडरवॉल’ नावाच्या चित्रपटाचे संगीत त्याला करायचे होते आणि त्यासाठी त्याला इथले वादक हवे होते. ध्वनिमुद्रण झाले एचएमव्हीच्या स्टुडिओत, फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवर. त्या स्टुडिओत धड स्टिरिओ यंत्रही नव्हते. कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे यंत्र कलकत्त्याहून आणवले. वादक कोण? सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि एस. आर. केंकरे, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, तारशहनाईवर विनायक व्होरा. त्याच बैठकांत ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीतही बांधले गेले. हॅरिसनने आवाज लंडनला जाऊन भरला आणि मार्च १९६८मध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूवर आले. बीटल्सच्या सिंगल तबकडीवर हॅरिसनचे गाणे येण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे जगभर विकल्या गेलेल्या बीटल्सच्या एका तबकडीची एक बाजू आपल्या फोर्टात घडलेली आहे. किती मराठी माणसांना हे ठाऊक असते?

आता कथेतला मामा. हॅरिसनने पुढे सांगून ठेवले आहे की स्टुडिओत बाहेरचा आवाज येई, रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येत, आणि साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांच्या धडधडीमुळे ध्वनिमुद्रण थांबवावे लागे. मामाचे म्हणणे, "ती आमची पावलं! विरार पकडायला दुसरं कोण एवढं धावतंय?" त्याच्या मते बीटल्सना थांबवणारी माणसे जगात दोनच प्रकारची : लंडनचे पोलीस आणि वसई-विरारचे चाकरमानी. माझी आई दरवेळी मध्येच टोके, "अरे, तुझी कचेरी चार इमारती पलीकडे होती." मामा म्हणे, "आवाज येतो गं चार इमारती."

‘वंडरवॉल म्युझिक’ची एलपी त्याला पुढे अनेक वर्षांनी चोर बाजारात मिळाली. बीटल्सनी स्वतःची ॲपल ही कंपनी काढली, तिची ही पहिली एलपी. तिच्या कव्हरावर केंकऱ्यांचे नाव छापलेले होते आणि शिवकुमार शर्मांचे आडनाव चुकीचे. मामा पाहुण्यांना आधी ते नाव दाखवी, मग तबकडी लावी. तेही कव्हर घमेल्यात होते.

आता मुद्द्याचा प्रश्न. ही सगळी गाणी आज मोबाइलवर आहेत. ‘वंडरवॉल’ आहे, ‘इनर लाइट’ आहे. मग हा पसारा कशाला? तबकडीचा आवाजच श्रेष्ठ, उबदार, जिवंत, असे तिचे भक्त सांगतात. मला हे सरसकट पटत नाही, आणि मामालाही पटत नसे. १९८२मध्ये बाजारात आलेली सीडी मोजमापात तबकडीला हरवते. तिच्यात खरखर नाही, हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर ती अधिक सांभाळते. तबकडीचे तर दुखणेच वेगळे. एका बाजूवर एकच लांबलचक खाच असते, बाहेरून आत गुंडाळत गेलेली. तिच्या एका भिंतीवर डावा आवाज, दुसऱ्या भिंतीवर उजवा. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण आतली वर्तुळे लहान, म्हणून शेवटच्या गाण्याला सुईखालून जाणारी खाच आखूड पडते आणि बारीक स्वर फुटू लागतात. जाणकार मंडळी म्हणूनच बाजूच्या शेवटी शांत गाणे ठेवीत. त्यात आपल्याकडची हवा. वसईच्या पावसाळ्यात तबकडीला पांढरी बुरशी धरते. मामाचा पहिला फिएस्टा प्लेअर सेलवर चाले. सेल उतरले की चढ्या पट्टीतला गायक हळूहळू रडू लागे.

एक गोष्ट मात्र खरी. नव्वदीनंतर जुन्या गाण्यांच्या ज्या नव्या सीड्या निघाल्या, त्यांतल्या बऱ्याच जणींत आवाज ओढून ताणून सगळा सारखाच मोठा केलेला असतो. जुन्या तबकडीत ढोल खरोखर दूर असतो आणि मग जवळ येतो. पण हा दोष यंत्राचा नाही, ते वापरणाऱ्यांचा. तेव्हा आवाजाची फुशारकी राहू द्या.

मामा वेगळे सांगे. तो म्हणे, रेकॉर्ड आपल्याला उठवते. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ची पहिली बाजू संपते ती एका बाईच्या आर्त आलापीने; शब्द जवळजवळ नाहीतच. मग सुई खरखरते. तुम्ही उठता, तबकडी उलटता, आणि दुसरी बाजू सुरू होते गल्ल्यात पडणाऱ्या नाण्यांच्या आवाजाने. मधल्या त्या मिनिटभरात मामाकडे कोणी बोलत नसे. मामी आतून चहा आणी, तोही न बोलता. मोबाइलवर ती आलापी आणि ती नाणी एकमेकींना चिकटून येतात. गाणे तेच, पण त्या मिनिटाला जागा नाही.

बीटल्सनी तर या उठण्यावर एक थट्टाच करून ठेवली आहे. ‘सार्जंट पेपर’ या १९६७च्या एलपीच्या मूळ ब्रिटिश प्रतीत, सगळी गाणी संपल्यावर सुई जिथे रिकामी फिरत राहते त्या शेवटच्या वर्तुळात त्यांनी काहीतरी बडबड कोरली. कोणी उठून सुई उचलेपर्यंत ती चालूच राहते. सीडीवर तीच बडबड थोडा वेळ येते आणि विरून जाते. सीडीला तुमच्या उठण्याची गरज नाही.

वीसेक मिनिटांत एकदा उठावे लागणाऱ्या माणसाला खोलीत कोण आहे, कोण झोपले, कोण रुसले हे दिसते. मामाचे घर त्यामुळे रॉकचे घर असून गोंगाटाचे कधी वाटले नाही. मार्च १९८०मध्ये ‘पोलीस’ हा इंग्रजी बँड धोबीतलावच्या रंगभवनात वाजवून गेला, तेव्हा मामाने मामीलाही नेले होते. तिचा अभिप्राय : "छान होतं, पण उलटायला मध्ये थांबतच नाहीत."

जग आता पुन्हा तबकडीकडे वळले आहे म्हणतात. अमेरिकेत २०२२मध्ये सीडीपेक्षा तबकड्या जास्त विकल्या गेल्या. असे १९८७नंतर प्रथमच झाले. मुंबईतही तरुण मुले नव्या तबकड्या चांगल्या हजारोंनी मोजून घेतात. त्यांची थट्टा करायचा मोह मी आवरतो. त्यांच्या कव्हरांमागचा कोपरा मात्र कोरा असतो, एवढेच. पेनने लिहिले की किंमत उतरते ना!

त्या जुलैच्या शेवटी मामाने एक दोनशे पानी वही आणली आणि मला दर रविवारी विरारहून बोलावून घेतले. तो एकेक तबकडी हातात धरी, लेबल पाही, डोळे मिटे आणि सांगू लागे. कुठून घेतली, खिशात किती उरले, गाडी कुठली, शेजारी कोण उभे होते. मी लिहीत असे. काही नोंदी दोन ओळींत आटपल्या, काहींना चार पाने लागली. एखादा रविवार एकाच तबकडीत जाई आणि तीही आठवत नसे, मग मामा ती लावायला सांगे, ऐके, आणि बहुधा दुसऱ्या बाजूच्या मध्यावर कुठेतरी एखादी नेमकी खुट्ट आली की म्हणे, "हां, ही बोरिवलीला पडली होती." नंतर टाळेबंदी आली, रविवार तुटले. २०२१मध्ये मामा गेला. वही सत्त्याण्णववर थांबली.

वर्षभराने मामेभावाने एका विक्रेत्याला बोलावले. त्याचा दोष नाही. बैठे घर पाडून इमारत व्हायची होती आणि नव्या फ्लॅटमध्ये पन्नास किलो ठेवायचे कुठे? विक्रेता भला होता. त्याने तबकड्या उजेडाला तिरप्या धरून तपासल्या, चांगल्या ठेवल्यात म्हणाला. मग विचारले, "कव्हरं?" नाहीत म्हटल्यावर त्याने सांगितलेला आकडा ऐकून मामेभाऊच गप्प झाला. वही दाखवावी असे एकदा माझ्या मनात आले होते. दाखवली नाही. त्याच्या हिशेबात ती कुठल्या रकान्यात घालायची?

तबकड्या आता माझ्याकडे, विरारला, तिसऱ्या मजल्यावर आहेत. सौ.ने दिवाणाखालची जागा देताना फक्त एवढेच विचारले, की इथे पाणी येणार नाही ना.

गेल्या महिन्यात आई आणि मामी दोघी राहायला आल्या होत्या. जेवणे झाल्यावर मी अठ्ठ्याण्णव नंबरची तबकडी काढली : डीप पर्पल, ‘मशीन हेड’, १९७२. सहज विचारले, ही कधीची? आई म्हणाली, माझ्या लग्नाच्या महिन्यातली. आहेराला पैसे कमी पडले तेव्हा आम्ही सगळे याच रेकॉर्डवर चिडलो होतो. मामी म्हणाली, मुळीच नाही, ही माझ्या माहेरच्या गणपतीच्या वेळची. स्टेशनवर मला आणायला आले ते ही डोक्यावर धरून. आई म्हणाली, ती वेगळी. मामी म्हणाली, हीच, लेबल जांभळं होतं. लेबलावर आता पुराचा तपकिरी डाग आहे, जांभळे की काय कळत नाही. दोघी अर्धा तास भांडल्या.

मी वहीत दोन्ही लिहून ठेवले.