टोमॅटोसाठी भक्कम पावसाळी मांडव

छत कशाला?

टोमॅटोला पाणी मुळाशी हवे, पानांवर नको. पावसाळ्यात पाने तासन्‌तास ओली राहिली आणि हवा गार, दमट असली की उशिरा येणारा करपा झपाट्याने पसरतो. म्हणून परसात पावसाळी टोमॅटो घ्यायचा तर वर छत आणि चारी बाजूंनी खेळती हवा, दोन्ही हवे. बाजू बंद केल्या की आतला दमटपणाच रोग वाढवतो.

सांगाडा

10 फूट लांब, 6 फूट रुंद वाफ्याला सहा मेढी पुरतात. मानवेलाचा जून, भरीव बांबू घ्यावा. मेढी 2 फूट खोल पुराव्यात. बांबू आधी कुजतो तो जमिनीलगत, त्यामुळे पुरायच्या भागाला आणि वर अर्धा फूट डांबर लावावे. एका बाजूची उंची 8 फूट, दुसरीची साडेसहा ठेवली की पाणी चटकन ओघळते. आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. उतरती बाजू तिकडे करावी.

वाऱ्याशी गाठ

मांडव ओझ्याने पडतो त्याहून अधिक वाऱ्याने उचलला जातो. कोपऱ्यांत तिरके आधार बांधावेत आणि चारही कोपऱ्यांतून तणावे ओढून जमिनीत मेखांना आवळावेत.

कागद

अतिनील किरणांना टिकणारा 200 मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद वापरावा. बांबूची पेरे आधी तासून गुळगुळीत करावीत, कागद टेकतो तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळाव्यात. उन्हात कागद सैलावतो, म्हणून तो दुपारीच ताणून बांधावा. झोळ राहू देऊ नये: 20 लिटर पाणी साचले म्हणजे 20 किलो वजन लोंबकळले.

छताखालची देखभाल

वाफा फूटभर उंच असावा, भोवती चर काढावा. आता पावसाचे पाणी मिळत नाही, तेव्हा ठिबकने नियमित द्यावे. कधी कोरडे, कधी भरपूर असे झाले तर फळे तडकतात, बुडाशी काळी पडतात. रोपे आडव्या बांबूला सुतळीने टांगावीत. छताखाली वारा कमी वाटला तर सकाळी सुतळीला हलके टिचकी मारावी, पराग झडून फळधारणा सुधारते.

पाऊस सरला की कागद उतरवून, धुऊन सावलीत ठेवावा. उन्हाळ्यात त्याच सांगाड्यावर शेडनेट टाकावे, कारण पारा 35 अंशांपुढे गेला की टोमॅटोची फुले गळू लागतात.