करवंदाचे कुंपण : बी ताजे हवे

जांभूळ-बदलापूर भागात ज्या बांधवांनी जागा घेऊन ठेवली आहे, त्यांना हद्द राखण्याची चिंता असते. तार गंजते, खांब चोरीस जातात. आमच्या मते इथल्या माळावर आपोआप वाढणारे करवंद हाच स्वस्त उपाय. काटे दुहेरी, पाने चिकाची. गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. एकदा मूळ धरले की पाणीही मागत नाही.

फांदी मुश्किलीने रुजते, म्हणून रोप बियांपासूनच करावे. नुकसान होते ते इथेच. भाताच्या बियाण्यासारखे हे बी डब्यात ठेवून चालत नाही; ते लवकर मरते आणि सबंध वर्ष वाया जाते. मे महिन्यात काळीभोर पिकलेली करवंदे घ्यावीत. गर चोळून, बी धुऊन, सावलीत निथळून लगेच पिशव्यांत अर्धा इंच खोल पेरावे. वाढ सावकाश, रोपे पुढच्या जूनपर्यंत पिशवीतच सांभाळावीत.

हिशेब सोपा आहे. शंभर फूट चौरस जागेचा घेर चारशे फूट. दोन फुटांवर एक याप्रमाणे दोनशे रोपे. मर धरून तीनशे बिया पेराव्यात. अर्धा किलो फळांत काम भागते! मात्र लावण्याआधी सरकारी मोजणी करून घ्यावी. चुकीच्या रेषेवरचे काटे उपटणे शेजाऱ्याशी भांडण्याइतकेच महाग पडते.

रोपे गुडघाभर झाली की शेंडे खुडावेत, म्हणजे बुडापासून दाट होतात. लोणच्यासाठी कच्ची फळे विकायची असतील, तर छाटणी फळे उतरल्यावर, पावसाच्या तोंडी करावी.