दातांची गोष्ट : लेखांक ७ – दिवसाला चहा किती?

गेल्या आठवड्यात कीड कशी लागते ते पाहिलं. ती लागायच्या आधीच धोका ओळखता येतो का, हे आज पाहू.

बावीस वर्षांचा एक मुलगा अक्कलदाढ दुखते म्हणून आला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. दाढ ठीक होती, हिरडी सुजली होती. पण दोन दाढांत गेल्याच वर्षी भरलेलं सिमेंट दिसलं आणि मी सावध झालो. पुढे कीड लागेल का, हे सांगणारी सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे नुकतीच लागून गेलेली कीड. सिमेंटने खड्डा बुजतो. तो का पडला, ते कारण तोंडातच राहतं.

मग पुढचे दात कापसाने टिपून हवेचा फवारा मारला. ओल्या दातावर न दिसणारे खडूसारखे पांढरे डाग हिरडीलगत उमटले. तिथून क्षार निघून जायला लागलेत, खड्डा मात्र अजून नाही. इथून माघारी फिरता येतं.

"गोड खातोस?"

"नाही डॉक्टर, आवडतच नाही."

हे उत्तर मला रोज मिळतं. म्हणून पुढचा प्रश्न चहाचा. उठल्यावर एक, अभ्यासिकेत जाताना एक... मोजता मोजता सहा झाले. शेवटचा रात्री साडेबाराला, आणि मग ब्रश न करता झोप. झोपेत लाळ जवळजवळ आटते, म्हणजे तोंड धुणारं कुणी उरत नाही. शिवाय पेंग येऊ नये म्हणून गालात पेपरमिंट.

१९४०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी लोकांना ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावून दातांवरच्या थराची आम्लता मोजली. काही मिनिटांतच पीएच ५.५च्या खाली जातो. इनॅमल विरघळू लागण्याची हद्द साधारण तीच. पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास, कधी जास्तही लागतो. साखर चमचाभर की दोन चमचे, यापेक्षा ती किती वेळा आली हे दाताला जास्त भोवतं. स्वीडनमधल्या विपेहोम प्रयोगातही अधल्यामधल्या चिकट टॉफ्यांनीच दातांची वाट लावली. (तो बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर, त्यांची संमती न घेता झाला. दंतवैद्यकाने हे विसरू नये.)

स्वीडनच्याच माल्मोत तयार झालेला 'कॅरिओग्राम' हा सगळा हिशेब एका गोल चकतीत मांडतो. आहार, जंतू, दाताची ताकद, परिस्थिती यांचे रंगीत तुकडे वगळून उरतो तो हिरवा तुकडा, म्हणजे कीड टळण्याची शक्यता. या मुलाचा हिरवा तुकडा लिंबाच्या फोडीएवढा निघाला.

"बिनसाखरेचा पी," म्हटलं, तर तो हसला. अमृततुल्यात साखर पातेल्यातच उकळते, वेगळा कोण करून देणार? त्याचं बरोबर होतं. शेवटी तोडगा वेळेवर निघाला: तीनच चहा, तेही खाण्याला लागून, पेपरमिंट बंद, आणि झोपायच्या आधी फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश. साडेबाराच्या चहावर मात्र तो आठवडाभर विचार करणार आहे.