व्हिडिओ घरी, तुळई वर्गात

मागच्या भागावर एका श्रोत्यानं विचारलं, "सर, फ्लिप्ड क्लासरूम म्हणजे मास्तरांनी शिकवायचं टाळणंच ना?" नाही हो, काम उलट वाढतं.

व्याख्यान मुलांनी घरी व्हिडिओवर बघून यायचं आणि गणितं वर्गात सोडवायची, मास्तर समोर असताना. 2007 च्या सुमारास कोलोरॅडोतल्या बर्गमन आणि सॅम्स या शाळाशिक्षकांनी हे लोकप्रिय केलं. हार्वर्डचे एरिक माझूर मात्र 1991 पासूनच भौतिकशास्त्राच्या वर्गात मुलांना एकमेकांशी वाद घालायला लावत होते. आपल्याकडे आयआयटी मुंबईत श्रीधर अय्यर, सहाना मूर्ती यांनी प्रोग्रॅमिंगच्या भल्यामोठ्या वर्गात आधी एकट्यानं, मग शेजाऱ्याबरोबर, मग सगळ्यांत, असा विचार करायला लावून त्याचा अभ्यास 2013 मध्ये मांडला.

मी मूळचा पेठचा, नाशिकला सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतो. माझा आवडता प्रश्न आमच्या घरच्या माळ्यावरचा आहे. दोन्ही टोकांना टेकलेली तुळई, तिच्यावर भाताची पोती. सगळी मधोमध रचली किंवा तेवढीच तुळईभर पसरली, तर बेंडिंग मोमेंट किती बदलेल? आधी हात वर करून उत्तर, मग शेजाऱ्याशी भांडण, मग पुन्हा हात. त्या पाच मिनिटांत जे कळतं ते माझ्या तासाभराच्या बडबडीत कळत नसे.

पण पहिल्या वर्षी मी चुकलो. व्हिडिओ न बघता येणाऱ्यांचे मार्क कापले. आळशी समजलो त्यांना! त्यात पेठकडची एक मुलगी होती, शनिवारी एसटीनं आवणीला घरी गेलेली. म्हणाली, "सर, टेकडीवर जाऊन रेंज शोधली, पण व्हिडिओ नुसता फिरतच राहिला." स्वतः तिथला असून मला हे सुचू नये?

गंमत म्हणजे पोती पसरली की तुळई कमी वाकते, हे तिनं चटकन सांगितलं. बेंडिंग मोमेंट नेमकी निम्मी का, ते मात्र अडलं. मधोमध भार असला तर डब्ल्यू एल भागिले चार, पसरला तर भागिले आठ. हेच त्या व्हिडिओत होतं.

आता शुक्रवारी तास संपायच्या आत आठ मिनिटांची फाइल ब्लूटूथनं सगळ्यांच्या फोनवर जाते, सोबत हातानं लिहिलेली दोन पानं. तरीही कुणाचं राहिलंच, तर सोमवारी पहिली दहा मिनिटं मागच्या बाकावर बसून ती पानं वाचायची आणि मग वादात उतरायचं. मार्क कापत नाही.