पावतीवर मॅडमचं नाव कुठाय?

सॅलरी स्लिपवरचा टीडीएसचा आकडा बघितला की आपला डायलॉग ठरलेला, 'यार, डॉक्टर झालो असतो तर बरं झालं असतं!' डॉक्टरांच्या घरात पैशाचं सगळं आलबेल असतं, हा आपला गोड गैरसमज. विश्वास बसत नाही? मग चला मुरगूडला.

कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यातलं हे गाव. समजा, इथे एक डॉक्टर जोडपं आहे. दोघंही क्वालिफाइड, दोघांचीही ओपीडी फुल्ल. आसपासच्या खेड्यांतून पेशंट येतात. कुणी रोख देतं, कुणी क्यूआर कोड स्कॅन करतं, तर कुणी 'बिद्रीचं ऊसबिल जमा झालं की देतो, सायेब' म्हणून सटकतं. वर्षाची एकूण फी ४० लाख. त्यातली निम्मी मॅडमच्या हातगुणाची. पण बोर्ड, पावतीपुस्तक, बँक खातं, सगळं सरांच्या नावावर!

मॅडमनी विषय काढलाच तर उत्तर तयार, 'अगं, येतंय तर आपल्याच घरात. तुझं काय अन् माझं काय?'

सर, फरक पडतो. चांगला २ लाख ८ हजारांचा!

हिशेब एकदम सोपा

डॉक्टर, वकील, सीए अशा व्यावसायिकांसाठी आयकरात एक सवलत आहे. वर्षाची एकूण फी ५० लाखांपर्यंत असेल, तर त्यातली निम्मी खर्चात गेली असं धरून उरलेल्या निम्म्यावर कर भरता येतो. रोखीची वसुली ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ७५ लाख. हिशेबाच्या वह्यांची कटकट नाही. हेच ते गाजलेलं कलम ४४एडीए. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे नंबर बदलले, सवलत मात्र कायम आहे.

आता बघा. ४० लाख एकट्या सरांचे दाखवले, तर २० लाख करपात्र. नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या दरांनी कर होतो २ लाख, वर ४ टक्के सेस. झाले २,०८,००० रुपये. तेच दोघांनी आपापले २० लाख आपापल्या रिटर्नमध्ये दाखवले, तर प्रत्येकी करपात्र उत्पन्न १० लाख. दुसरी काही कमाई नसेल, तर १२ लाखांपर्यंत रिबेट मिळतो. म्हणजे कर शून्य!

हा जुगाड नव्हे

मॅडम खरोखर पेशंट तपासतात, म्हणूनच हे चालतं. बायको घर सांभाळते आणि नवऱ्याने निम्मी फी कागदावर तिच्या नावे टाकली, तर ती बनवाबनवी. बायकोला पैसे गिफ्ट देऊन तिच्या नावाने एफडी केली तरी व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. त्यामुळे मॅडमचं वेगळं पावतीपुस्तक हवं, वेगळं खातं हवं आणि टेबलावर त्यांचा स्वतःचा क्यूआर कोडही हवा.

डॉक्टर मित्रांना हे फॉरवर्ड करा

- नोकरदार दरवर्षी जुनी किंवा नवी करप्रणाली निवडू शकतो. प्रॅक्टिस करणारा डॉक्टर जुनीत गेला, की नवीत परतायची संधी एकदाच.
- ४४एडीए घेतलं तर सगळा अॅडव्हान्स टॅक्स १५ मार्चपर्यंत एकरकमी भरायचा.
- प्रत्यक्ष नफा निम्म्याहून जास्त असेल तर तो जास्तीचा आकडाच दाखवायचा.
- एका पेशंटकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही.
- पीएफ, ग्रॅच्युइटी काही नाही. डॉक्टर आजारी पडले की कमाई बंद. पीपीएफ, एनपीएस, टर्म इन्शुरन्स आणि व्यावसायिक चुकीच्या दाव्यांसाठीचा विमा स्वतःच बघायचा.

वाचलेले २ लाख हा खरं तर बोनस. मोठी गोष्ट वेगळीच आहे. उद्या मॅडमना सोनोग्राफी मशिनसाठी कर्ज हवं असेल, तर बँक त्यांचे रिटर्न मागणार. उद्या सरांना काही झालं, तर घर त्यांच्या कमाईवर उभं राहणार. वीस वर्षं पेशंट तपासून कागदावर कमाई शून्य, हे कुठल्याही सीएला दुरुस्त करता येत नाही.

आणि हो, तुमच्या घरीही आई दुकानाचा गल्ला सांभाळते ना? मग बिलावर नाव कुणाचं असतं, तेवढं आज बघाच!