पायरीशी थांबलेला कायदा

आमचे काका किल्लारीजवळच्या एका खेड्यातले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे माळवद अंगावर आले. काका वाचले, पण कमरेखालचे अंग कायमचे गेले. तेव्हापासून ते लातुरात आमच्याकडे असतात, चाकाच्या खुर्चीवर.

मध्यंतरी बँकेचा निरोप आला, खाते चालू ठेवायचे तर केवायसी करा. बँक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कारकून बिचारा भला. "काका, तुम्ही कशाला त्रास घेता?" म्हणत अंगठ्याचे यंत्र घेऊन खाली आला. स्कूटरच्या सीटवर कागद पसरले, शिल्लक किती ते मोठ्याने वाचले. पानटपरीवरच्या चौघांनी ऐकले. घरी आल्यावर काका म्हणाले, "माणूस चांगला होता रे. पण माझं खातं मला रस्त्यावर उघडायचं नव्हतं."

पुढच्या आठवड्यात नांदेडला एका कार्यालयात गेलो. तिथे उतार होता! तीन पायऱ्यांच्या उंचीला जेमतेम चार फुटांचा. नियम असा की एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, म्हणजे इथे अठरा फूट. त्या चार फुटांवरही मोटारसायकली उभ्या. खुर्ची आम्ही दोघांनी उचलूनच नेली.

कायदा नाही असे नाही. 1995 चा अपंग व्यक्ती कायदा 7 फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला. पण त्यात 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी पळवाट होती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती बुजवली. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. लोकांचा वावर असलेली इमारत सरकारी असो की खासगी, ती सुगम हवी. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षे दिली होती, ती मुदत 2022 मध्येच संपली. नव्या इमारतीला तर याशिवाय बांधकाम परवाना मिळता कामा नये.

मग अडले कुठे? कायदा 'केलेच पाहिजे' म्हणत होता, नियम मात्र मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवत होते. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच पकडले, तो नियम रद्द ठरवला आणि बंधनकारक नियम करण्यासाठी तीन महिने दिले. 30 एप्रिल 2025 च्या निकालाने आणखी एक दार उघडले. ज्यांना डोळे मिचकावता येत नाहीत किंवा पडदा दिसत नाही, त्यांनाही घरबसल्या केवायसी करता आली पाहिजे. तो जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले.

भूकंपानंतर 52 गावे नव्या जागी वसली. कोरा कागद हाती होता, पण आराखडे आखायला घेतले तेव्हा हा कायदा नव्हता. आज लातूर-नांदेडात रोज नवी संकुले उठताहेत. म्हणजे कोरा कागद पुन्हा हाती आहे आणि या वेळी कायदाही आहे.

दुकान, दवाखाना, शिकवणीवर्ग बांधणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती: नकाशावर सही करण्याआधी इंजिनिअरला विचारा, "उतार कुठे आहे?" उचलून नेणारे हात आमच्याकडे पुष्कळ आहेत. काकांना ते हात नको आहेत, त्यांना आपल्या चाकांवर आत जायचे आहे.