कुडाची भिंत आणि आतड्याचे अस्तर

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आजही कारवीच्या कुडाची घरे दिसतात. काठ्या एकमेकींना लागून उभ्या करायच्या, घट्ट बांधायच्या आणि माती-शेणाने लिंपायच्या. बांध सुटला की भिंत कलते, लिंपण झडले की पाऊस आत येतो. आतड्याच्या अस्तराचेही तसेच आहे. इथले कुपोषण समजून घ्यायचे, तर या अस्तराकडे पाहायला हवे.

एका पेशीची भिंत

लहान आतड्याचे अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचे असते. त्यावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांच्यामुळे अन्नरस शोषणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो.

बांधणारी प्रथिने

ई-कॅडेरिन हे प्रथिन शेजारच्या पेशींना कॅल्शियमच्या मदतीने जोडते. पेशीच्या आत ते कॅटेनिन या प्रथिनांमार्फत ॲक्टिनच्या तंतूंना बांधलेले असते. हे तंतू आवळले की पेशीचा आकार बदलतो आणि सपाट थराला बाक येतो. डेस्मोसोम नावाचे सांधे पेशींना केराटिनच्या तंतूंशी जोडून ताण सोसतात.

लिंपणारी प्रथिने

पेशींच्या वरच्या कडेला क्लॉडिन आणि ऑक्लुडिन फटी बुजवतात. क्लॉडिनचा शोध जपानमध्ये शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाने १९९८ मध्ये लावला. क्लॉडिनचे वीसहून अधिक प्रकार आहेत. काही वाट बंद करतात, तर काही ठरावीक क्षारांना जाऊ देतात.

भिंत झिरपते तेव्हा

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून चर्चा प्रामुख्याने अन्नाची होते, आणि अन्न हवेच. पण दूषित पाण्यातून वारंवार जंतू पोटात गेले की आतड्याला सतत दाह होतो. सांधे सैल पडतात, उंचवटे खुरटतात. अन्नरस नीट शोषला जात नाही आणि जंतूंचे अंश रक्तात शिरतात. वाढीसाठी लागणारी शक्ती मग त्यांच्याशी झुंजण्यात खर्च होते. कुपोषणाने प्रतिकारशक्ती घटते, त्यातून पुन्हा जुलाब होतात. असे हे दुष्टचक्र आहे.

पुन्हा लिंपण

दिलासा इतकाच की या अस्तराच्या बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत नव्याने तयार होतात. त्यासाठी प्रथिने, जस्त आणि जीवनसत्त्व अ लागते. म्हणून जुलाबात ओआरएससोबत जस्ताच्या गोळ्या देतात: सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध दिले, तर दूषित पाणी बाळाच्या पोटात जात नाही. आदिवासी भागात २०१५ पासून चालणाऱ्या अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार मिळतो.

कूड दरवर्षी लिंपावा लागतो, आतडे दर काही दिवसांनी. पण पाऊस आत येतच राहिला, तर कितीही लिंपा, भिंत टिकत नाही. मोखाड्यात धो धो पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात बायकांना हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागते. बाळाच्या ताटातल्या अंड्याचे चीज व्हायचे, तर त्या हंड्यातले पाणीही स्वच्छ हवे.